डोकं नसलेला बारापासॉरस

लांब मानेच्या डायनासोरचं कुठलंही खेळणं हातात घ्या, चेहरा ओळखीचा वाटेल. कपाळावर उंच फुगवटा, गाईसारखे शांत डोळे, जमलं तर थोडं हसूही. हा चेहरा ब्रॅकिओसॉरसचा. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'ने तो आपल्या डोक्यात इतका पक्का बसवला की पोटाखाली नाव कुठलंही छापलेलं असो, वर तोंड तेच असतं.

खेळण्यांचं ठीक आहे. पण हौसेने, हाडांचे फोटो समोर ठेवून घडवलेल्या मॉडेलवरही तेच तोंड आलं की मला खटकतं. आणि ते मॉडेल आपल्या बारापासॉरसचं असेल तर जास्तच.

'आपला' म्हणजे खरोखर आपला. बारापासॉरसची हाडं गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्ली गावाजवळ सापडली. तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता, हा सगळा भाग चांदा जिल्ह्यात होता. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९६०-६१ च्या सुमारास ती बाहेर काढली. सुमारे ३०० हाडं, किमान सहा प्राण्यांची, सोबत दगड झालेली झाडांची खोडं. मांडीचं एक हाड १.७ मीटर लांब, म्हणून नाव 'बारापा', म्हणजे मोठा पाय. पुढे 'टागोरी', कारण ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं. १९७५ मध्ये नाव शास्त्रीयदृष्ट्या जाहीर झालं. सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

या ३०० हाडांमध्ये कवटी नाही. डोक्याचा पुरावा म्हणजे काही दात, चमच्याच्या आकाराचे. मानेचे पुढचे मणकेही नाहीत. म्हणजे या प्राण्याची मांडी, कंबर, पाठ आपल्याला माहीत आहे. तोंड माहीत नाही.

आता हे मातीत कसं करायचं? पॉलिमर क्ले ही खरं तर माती नाहीच, प्लास्टिक मऊ ठेवणारं तेल मिसळलेलं पीव्हीसी आहे. हवेत ती वाळत नाही. ओटीजीमध्ये साधारण १३० अंशांवर भाजेपर्यंत तुम्ही कितीही वेळा मोडा, पुन्हा करा. आत तारेचा सांगाडा, त्यावर चुरगळलेलं ॲल्युमिनियम फॉइल, वर क्लेचा थर. १:४० प्रमाण धरलं तर साधारण १४ मीटरचा बारापासॉरस ३५ सेंटिमीटरचा होतो, मांडीचं हाड सव्वाचार सेंटिमीटरचं. स्केल ठेवून मोजता येतं. इथपर्यंत चूक-बरोबर ठरवायला हाडं आहेत. मानेच्या वरच्या टोकाला पोहोचलो की मोजायलाच काही उरत नाही.

दुसरी वाट कन्व्हर्जनची. तयार खेळणं घ्यायचं, कापायचं, हवं तिथे भर घालायची. इथे भाजता येत नाही, खेळण्याचं प्लास्टिक वाकडं होतं. म्हणून दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुटी लागते. आपल्याकडे नळाची गळती थांबवायला आणलेलं एम-सीलही चालतं. ब्रॅकिओसॉरसचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब, म्हणून खांदे उंच. बारापासॉरस करायचा तर ते खांदे उतरवावे लागतात. हे करणारे बरेच जण मेहनतीने करतात. पाय कापतात, पाठ नव्याने बसवतात. डोक्याला मात्र हात लावत नाहीत, कारण ते 'छान दिसतंय'. नेमकं जिथे आपल्याला काही माहीत नाही, तिथे उसनं उत्तर सगळ्यात आत्मविश्वासाने उभं राहतं. तेही उत्तर अमेरिकेतल्या, कोट्यवधी वर्षांनंतरच्या प्राण्याकडून घेतलेलं.

याला उत्तर जुनं आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ मध्ये बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने प्राचीन प्राण्यांचे मोठाले पुतळे उभे केले. त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. ते शिंग नव्हतं, अंगठ्याचं टोकदार हाड होतं, हे नंतर कळलं. त्यावर आजही लोक हसतात. पण त्याच बागेत मोसासॉरस आहे. त्याची कवटीच तेवढी नीट माहीत होती, तर हॉकिन्सने तो पाण्यात ठेवला आणि मुख्यतः डोकंच वर काढलं. जे माहीत नव्हतं ते पाण्याखाली गेलं. बारापासॉरसची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याचं डोकं झाडाच्या पाल्यात खुपसलेलं दाखवता येईल. हाडांबरोबर खोडं सापडलीच आहेत. खोटं काहीच बोलावं लागत नाही.

तरीही मला ही युक्ती पूर्ण पटत नाही. झाकलेलं अज्ञान बघणाऱ्याला दिसत नाही. त्याला वाटतं, प्राणी पाला खातोय.

आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन फिरतात. त्यातले काही बैल अगदीच ठोकळे असतात, पाय खांबासारखे, चाकांवर उभे. पण कुणी फसत नाही, कारण खरा बैल आदल्याच दिवशी सजून गावातून गेलेला असतो. डायनासोरच्या मॉडेलला असा शेजारी नाही. मुलासाठी ते मॉडेल म्हणजेच तो प्राणी. म्हणून मॉडेल करणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

माझं मत असं: डोकं करा, अंदाजाने करा. जवळच्या नात्यातल्या प्राण्यांच्या कवट्या बघा, दात बघा, मग ठरवा. पण ते रंगवू नका. अंगाला कातडीचा रंग, डोकं आणि वरची मान क्लेच्या मूळ रंगात. संग्रहालयात सांगाड्यात भरलेलं नकली हाड बऱ्याचदा वेगळ्या छटेत ठेवतात, तसंच. मानेत छोटं लोहचुंबक बसवलं तर आणखी बरं. उद्या प्राणहितेच्या खोऱ्यात कवटी सापडली की जुनं डोकं काढायचं, नवं लावायचं. माझ्या कामाच्या भाषेत, हा भाग अजून ड्राफ्ट आहे असं उघड लिहून ठेवायचं.

असं अर्धवट मॉडेल मुलांना आवडणार नाही, असं म्हणतात. मला वाटतं, उलट होईल. रंगवलेल्या डायनासोरकडे बघून मूल 'वॉव' म्हणतं आणि पुढे जातं. राखाडी डोक्याकडे बघून ते विचारेल, 'याचं तोंड असं का?' मग त्याला सांगता येईल की ते अजून सापडलेलं नाही, आणि जिथे सापडू शकतं ती जागा सिरोंच्यात आहे. गडचिरोलीबद्दल बाहेर आधीच बरीच तयार चित्रं फिरतात. निदान तिथल्या प्राण्याला तरी तयार तोंड नको.