मोबाईलवर बेस गेला, मग उरलं काय?

आमच्या आटपाडीत गजी ढोल लांबूनच कळतो. आधी नुसता 'धम्म' येतो, झांजा आणि माणसांचे आवाज जवळ गेल्यावर. कारण साधं आहे. 50 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळपास 7 मीटर असते, त्यामुळे तो घरांना वळसा घालून पुढे येतो. शब्द नीट कळतात ते बरेचसे व्यंजनांमुळे. 'स', 'च', 'ट' यांचा जोर 2,000 हर्ट्झच्या वर, तरंगलांबी वीतभरही नाही. ते वाटेतच अडतात.

रेगेच्या साउंड सिस्टिमची ताकद म्हणजे हा बेस. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या डीजे कूल हर्कने ती रीत न्यूयॉर्कला नेली. ब्रॉन्क्समधली 11 ऑगस्ट 1973 ची त्याची पार्टी हिप हॉपचा जन्म मानतात. म्हणजे रॅपचं आजोळ जमैकाच.

आता मुंबईच्या 'स्वदेसी' गटातली जोडी घ्या: एमसी मवाली आणि एमसी तोडफोड. मवाली मराठीत, तोडफोड गुजरातीत, हिंदी दोघांची. बेस दणदणीत. पण आपण ऐकतो मोबाईलवर, आणि त्या एवढ्याशा स्पीकरमधून 200 हर्ट्झच्या खालचं फारसं काही येतच नाही. म्हणून माझी कसोटी हीच: बेस काढून घेतला तर गाणं उभं राहतं का?

'द वारली रिव्होल्ट' (2019) राहतं. आरेच्या जंगलावरचं हे गाणं. त्यात आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गातात. नावात 1945 चा वारल्यांचा लढा आहे, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आरेत 2,000 हून जास्त झाडं पडली. इथे शहरी रॅपर आदिवासींच्या वतीने बोलत नाहीत, त्यांच्या शेजारी उभे राहून बोलतात. हा फरक मोबाईलवरही ऐकू येतो.

तक्रार एकच. गटाच्या काही गाण्यांत राग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत राहतो. सगळंच ठासून म्हटलं की कुठलीच ओळ वेगळी लक्षात राहत नाही, तिची घोषणा होते.

तोडफोड मार्च 2022 मध्ये, अवघ्या 24 व्या वर्षी गेला. जोडी तिथेच थांबली. गुजराती मला धड येत नाही, तरी 'गली बॉय'च्या 'इंडिया 91' मधला त्याचा तुकडा मी पुन्हा पुन्हा लावते. अर्थ निम्मा सुटतो, व्यंजनं मात्र एकूण एक पोचतात. आधी मोबाईलवर ऐका, मग हेडफोन लावून.