गुण जुळले, पण समज?

चंद्रावर नेलेल्या दगडाचं वस्तुमान बदलतं का? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यामुळे प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. समजा, दोन उत्तरं आली:

‘वस्तुमान बदलत नाही, वजन बदलते.’
‘वजन बदलत नाही, वस्तुमान बदलते.’

पहिलं बरोबर, दुसरं साफ चूक. पण शब्द तेच आणि तितकेच. नुसते शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखीच. आता आपल्या नागपूरकडचं तिसरं उत्तर घ्या: ‘चंद्र कमी ओढते, म्हणून दगड हलका लागते. पण दगड तर तेवढाच राहते.’ यात ‘वस्तुमान’ हा शब्दच नाही. समज मात्र पक्की आहे.

छोटी उत्तरं मशीनकडून तपासण्याच्या संशोधनात एक डेटासेट वारंवार भेटतो: ह्यूलेट फाउंडेशनने २०१२ साली कॅगलवर घेतलेल्या स्पर्धेचा. त्यात १० प्रश्न आणि अमेरिकी विद्यार्थ्यांची इंग्रजी उत्तरं आहेत. पहिला प्रश्न आम्लवर्षेवर आहे. संगमरवर, चुनखडी, लाकूड आणि प्लॅस्टिकचे नमुने व्हिनेगरमध्ये ठेवले. हा प्रयोग पुन्हा करायचा तर आणखी कोणती माहिती लागेल? जितके योग्य मुद्दे तितके गुण, जास्तीत जास्त ३. ‘व्हिनेगर किती घेतलं’ हा एक मुद्दा झाला. अशा प्रश्नात शब्द हुडकूनही बरंच भागतं. वजन-वस्तुमानाच्या प्रश्नात भागत नाही.

माझा खरा आक्षेप मोजमापावर आहे. स्पर्धेत क्रमांक लागला तो ‘क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा’ या आकड्यावर. मशीनचे गुण माणसाने दिलेल्या गुणांशी किती जुळतात, एवढंच तो सांगतो. हे माप टाकाऊ नाही. पण परीक्षकानेच पाठांतराला पूर्ण गुण दिले आणि बोलीतलं उत्तर कापलं, तर मशीनही तेच शिकणार, आणि कप्पा उलट चांगला दिसणार!

मराठीसाठी आता पुण्याच्या एल३क्यूबचं महाबर्ट (२०२२) आहे. ते शब्दांचा क्रम विचारात घेतं, म्हणून पहिल्या जोडीत फरक ओळखण्याची आशा आहे. पण ते ज्या मजकुरावर घडलं त्यात बातम्यांचा भरणा आहे. ‘दगड तेवढाच राहते’ असं बातमीत कोण लिहितं?

म्हणून कुणी ‘आमचं मशीन परीक्षकाइतकंच चांगलं’ म्हटलं, तर तुम्ही एवढंच विचारा: वरच्यासारखी तीन उत्तरं चाचणीत होती का, आणि त्यांचा निकाल वेगळा दिलाय का? एका सरासरीत ती बुडून जातात. आणि गुण जातात ते ज्याला खरंच कळलं होतं, त्या पोराचे.