स्मृतीची साक्ष आणि प्रामाणिकपणाची कसोटी

आत्मचरित्राचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा ‘प्रामाणिकपणा’ ही कसोटी वारंवार वापरत आली आहे. लेखकाने काही दडवले नाही, पदरचे काही घातले नाही, असे जाणवले की त्याचे निवेदन सत्य मानले जाते. घडलेले आणि कल्पिलेले यांतील भेद निवेदकाला ठाऊक असतोच, असे गृहीतक या कसोटीमागे आहे. ते मुळातच तपासून पाहिले पाहिजे.

ऑलिव्हर सॅक्स यांच्या ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’ (१९८५) या पुस्तकात थॉम्प्सन नावाचा रुग्ण भेटतो. एकेकाळचा हा दुकानदार कोर्साकॉफच्या विकाराने ग्रस्त आहे. समोरच्या डॉक्टरांना तो गिऱ्हाईक समजतो, मग जुना मित्र, मग शेजारचा खाटीक. स्मृतीतील पोकळी तो क्षणोक्षणी नव्या कथेने भरतो. तरीही त्याला खोटारडा म्हणता येत नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असते. थॉम्प्सन पूर्णतः प्रामाणिक आहे, आणि त्याची बहुतेक विधाने खरी नाहीत.

असे का घडते? मार्शिया जॉन्सन आणि कॅरोल रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली केलेली मांडणी येथे उपयुक्त ठरते. आठवणीवर खरेपणाची मुद्रा उमटलेली नसते. रूप, गंध, स्थळ, काळ यांचा तपशील विपुल असला की मन ती अनुभवलेली ठरवते. रचण्याच्या खटाटोपाच्या खुणा आढळल्या की कल्पिलेली. हा प्रत्येक वेळी नव्याने दिलेला निवाडा होय. मेंदूच्या ललाटखंडाला इजा झाली तर तो ढासळू शकतो. स्किझोफ्रेनियात स्वतःच्याच मनातले शब्द परक्याचे वाटू शकतात. समीक्षकाने येथे सावध व्हावे. ज्या इंद्रियगोचर तपशिलाला आपण ‘जिवंत’ म्हणून दाद देतो, तोच मनाचा पुरावा असतो. आणि कसबी लेखक तोच हुबेहूब घडवू शकतो.

याचे उदाहरण खुद्द सॅक्स यांनीच पुरवले. त्यांच्या खासगी टिपणांवर आधारलेला लेख २०२५ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या रुग्णवृत्तान्तांतील काही तपशील आपण रचलेले आहेत, ही बोच त्या टिपणांत त्यांनी नोंदवली होती. रुग्ण आणि लेखक यांच्यातील अंतर नेमके येथे आहे: रुग्णाला सीमारेषा दिसत नव्हती, लेखकाला ती दिसत होती. म्हणून रुग्णाला मिळणारी सूट लेखकाला मिळू शकत नाही.

तेव्हा आत्मचरित्रकाराला ‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ एवढेच विचारणे अपुरे आहे. ‘हे तुम्ही पाहिले, ऐकले, की असे झाले असावे असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पाहिलेले, ऐकलेले आणि कल्पिलेले यांतील सांधे जो लेखक झाकत नाही, त्याची साक्ष अपुरी असली तरी विश्वसनीय असते.