सरकत्या पट्ट्यावरचं विमान

कोडं असं: धावपट्टीच्या जागी तेवढाच लांब सरकता पट्टा आहे. विमान ज्या वेगानं पुढं जाईल, त्याच वेगानं पट्टा मागं सरकतो. विमान उडेल का?

कोल्हापुरात हे कोडं घातलं की पहिलं उत्तर बहुतेक ठरलेलं: ‘कसं उडंल? जागच्या जागी ऱ्हाईल की!’ या उत्तराला मी कधी हसत नाही. ते अनुभवातून आलेलं असतं. साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस गव्हाणीबरोबरच जातो. मोटरसायकलचं चाक रस्त्याला मागं रेटतं म्हणून गाडी पुढं जाते. रस्ताच मागं पळाला तर ती जागेवरच राहील. कोड्याची खुबी ही, की ते कुठंही खोटं बोलत नाही. फक्त विमानाला चाकं आहेत, याची आठवण करून देतं.

पण विमानाची चाकं कशालाच रेटत नाहीत. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआर हे पंख्यांचं विमान उडताना बघा. त्याचे पंखे हवेला मागं ढकलतात, हवा विमानाला पुढं लोटते. चाकं नुसती मोकळी फिरतात. खात्री हवी तर खेळण्यातल्या गाडीला दोरा बांधा, ती वर्तमानपत्रावर ठेवा, दोरा एका हातानं धरा आणि दुसऱ्या हातानं कागद मागं ओढा. चाकं गरगरतात, पण दोऱ्याला जेमतेम ताण जाणवतो. आता दोरा पुढं ओढा. कागद मागं जात असतानाही गाडी निमूट पुढं येते. विमानाचा तो दोरा हवेत आहे.

म्हणजे उड्डाणाचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला, तर पट्टा उलटा २०० नं पळेल, चाकं ४०० च्या हिशेबानं फिरतील आणि विमान उडेल. २००८ च्या जानेवारीत ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी कार्यक्रमात छोट्या विमानाखालची लांबलचक ताडपत्री उलटी ओढून हे करून दाखवलं. विमान उडालं.

मला या कोड्यात सर्वांत जास्त मोह पडतो तो ‘वेग’ या एका शब्दाचा. कुणाच्या तुलनेत वेग? काही जण कोडं सांगताना ‘विमानाच्या वेगाइतका’ऐवजी ‘चाकांच्या वेगाइतका’ म्हणतात, आणि अर्थच पालटतो. चाकं न घसरता फिरत असतील, तर त्यांचा वेग म्हणजे विमानाचा अधिक पट्ट्याचा. तो एकट्या पट्ट्याइतकाच राहायचा, तर विमानाचा वेग शून्यच हवा! म्हणजे विमान हलणार नाही, हे प्रश्नातच गृहीत धरलेलं. वर्षानुवर्षं चाललेले कितीतरी वाद या एका शब्दापाशी अडलेले असतात. दोघं भांडतात ती कोडीच वेगळी.

पंखांना जमिनीचा वेग कळत नाही, हवेचा कळतो. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर तेच विमान जमिनीवर १६० गाठताच उचललं जाईल. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला, की उजळाईवाडीच्या माळावरचं विमान त्या वाऱ्याकडं तोंड करून उभं राहतं.