विंचवाच्या विषाचा जनुकविचार : एक परीक्षण

मेसोब्यूथस मार्टेन्सी या विंचवाच्या जनुकसंचाचे विवरण चिनी संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्रथिनांचे आराखडे बाळगणारी ३२,०१६ जनुके त्यात नोंदली आहेत. चीनच्या परंपरागत वैद्यकात हाच विंचू औषध म्हणून वापरला जात असल्याने निबंधाकडे वैद्यकाच्या अभ्यासकांचेही लक्ष गेले. त्याचे खरे महत्त्व मात्र उत्क्रांतिविषयक आहे. एखादे जनुक दुणावते, त्याच्या प्रतींत हळूहळू फरक पडत जातो, आणि एकाच कुळातून निरनिराळ्या आयनमार्गांवर आघात करणारी विषद्रव्ये निपजतात. ही प्रक्रिया येथे संपूर्ण जनुकसंचाच्या पार्श्वभूमीवर पाहावयास मिळते.

या विषयावरील लेखनात विषाला ‘औषधांचे भांडार’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, ती मात्र तपासून पाहिली पाहिजे. भांडारातील वस्तू उचलून वापरता येते. जनुकाचे तसे नाही. जनुकावरून अमिनो आम्लांचा क्रम कळतो. ते पेप्टाइड कोणत्या आयनमार्गाला चिकटेल, रक्तात किती वेळ टिकेल, हे प्रयोगाशिवाय ठरत नाही. शिवाय या क्षेत्रातील दोन सुप्रसिद्ध पेप्टाइडे जनुकसंच वाचला जाण्यापूर्वीच, प्रत्यक्ष विषाच्या पृथक्करणातून हाती आली होती. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील एका विंचवाच्या विषातील, ३६ अमिनो आम्लांचे क्लोरोटॉक्सिन १९९३ साली वर्णिले गेले. मेंदूतील ग्लायोमा या अर्बुदाच्या पेशींना ते चिकटते. म्हणून त्याला चकाकणारे रंगद्रव्य जोडून शस्त्रवैद्यास अर्बुदाची सीमा दाखविण्याचे प्रयत्न झाले आहेत. म्हणजे येथे त्याच्याकडे मारेकऱ्याचे नव्हे, वाटाड्याचे काम आहे. दुसरे आयबेरिओटॉक्सिन, १९९० चे, आणि भारतीय लाल विंचवाचे. एका विशिष्ट पोटॅशियम-मार्गाला बंद करणारे साधन म्हणून शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ते रूढ झाले. औषध झाले नाही. साधन आणि औषध यांतील हा भेद पुष्कळ लेखक पुसट करतात.

याच लाल विंचवाने कोकणात अनेकांचे, विशेषतः मुलांचे, बळी घेतले. आणि त्यावरील उपाय सापडला तो रुग्णशय्येपाशी. दंशानंतर चढणारा रक्तदाब व फुप्फुसांत साठणारे पाणी यांचे निरीक्षण करून महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध दंशाच्या रुग्णांना देण्यास आरंभ केला, व १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात, असे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत दिसून आले.

जनुकाभ्यासाची खरी गरज येथे आहे. पश्चिम व दक्षिण भारतातील लाल विंचवांच्या विषाच्या तीव्रतेत फरक आढळला आहे. तो जनुकांच्याच भिन्नतेमुळे पडतो, की विषग्रंथीत तीच जनुके कमीअधिक प्रमाणात कार्य करतात म्हणून, याचा निर्णय झाल्यास प्रतिविषासाठी विष कोणकोणत्या प्रदेशांतून गोळा करावे, हे अधिक विश्वासाने ठरविता येईल. भावी औषधांची भाकिते करणाऱ्या निबंधांत या प्रश्नाच्या वाट्याला सहसा एखादेच वाक्य येते.