पंचवीस वर्षांचे पॅनेल आणि एका पावसाळ्याचे भोक

गेल्या जुलै महिन्यात रायगड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत सौरऊर्जेवर व्याख्यान देण्याचा योग आला. शाळेच्या गच्चीवर माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून सौरविद्युत संच बसवून दीड वर्ष झाले होते. आम्ही तासभर सिलिकॉनचे अणू, पी-एन जोड, इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या यांविषयी बोललो. मुलांनी चांगले प्रश्न विचारले, आभार झाले, चहा झाला. मग मुख्याध्यापक आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकांचे कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणलेले होते. छताला मोठा ओला डाग आणि खाली दोन बादल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, विजेचे बिल निम्म्यावर आले, पण प्रयोगशाळा हातची गेली. पुढच्या सभेत संच काढून टाकण्याचा ठराव येतो आहे. तुम्ही काय सांगता?"

सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. "एखाद्या जाणकाराला बोलवा," एवढे पुटपुटून आम्ही परतलो. हा लेख त्या ओशाळलेपणातून लिहिला आहे. तो टीकेचा लेख आहे, आणि टीकेचे पहिले धनी आम्ही, म्हणजे सौरऊर्जेवर लिहिणारे आणि बोलणारे, आहोत.

सौरऊर्जेवरील कोणताही लेख, तक्ता किंवा माहितीपत्रक काढून पाहा. वर हसरा सूर्य, खाली तिरके पॅनेल, तेथून बाण इन्व्हर्टरकडे आणि इन्व्हर्टरपासून मीटरकडे. पॅनेल मात्र हवेत तरंगत असते. ते कशावर उभे आहे, त्याचे पाय छतात कसे रोवले आहेत, पायाशी पडलेले पाणी कोठे जाते, हे चित्रात नसते. आमच्या स्वतःच्या व्याख्यानातील चित्रातही नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले आणि ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले. एवढ्या छतांना पाय फुटणार असतील, तर चित्र अपुरे ठेवून चालणार नाही.

हमी कशाची?

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत '२५ वर्षांची हमी' असते. ती बहुधा पॅनेलच्या वीजनिर्मितीची असते, आणि ती पोकळही नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार पॅनेलच्या नमुन्यांना ८५ अंश सेल्सिअस तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. उणे ४० ते अधिक ८५ अंशांच्या २०० फेऱ्या करवतात. २५ मिलिमीटर व्यासाची बर्फाची गोळी सेकंदाला २३ मीटर वेगाने त्यांच्यावर मारतात. इतक्या कसोट्यांतून तावून सुलाखून निघालेली वस्तू आपण गच्चीवर आणतो. आणि तिचा पाय ज्या भोकात बसतो, ते भोक शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, उरलेल्या लुकणाने बुजवले जाते. त्या भोकाची कसोटी पहिला पाऊस घेतो.

भोक पाडायचेच कशाला?

पॅनेल नुसते ठेवून भागणार नाही का, असे कोणीही विचारील. गणित करून पाहू. वाऱ्याचा दाब म्हणजे हवेची निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात (८७५, भाग ३) मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे आणि पुण्यासाठी ३९. मुंबईचा आकडा घेतला तर ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे सुमारे ११६० पास्कल. ५५० वॉटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ साधारण २.६ चौरस मीटर असते. म्हणजे त्यावरील बल सुमारे ३००० न्यूटन, ३०० किलोच्या वजनाइतके. पॅनेलचे स्वतःचे वजन मात्र २८ किलोच्या आसपास. आकडे स्थूल आहेत. इमारतीची उंची, कठडा आणि पॅनेलचा कल यांनुसार ते बदलतात, आणि गच्चीच्या कडेला ओढ अधिक असते. तरी प्रश्नाचा आवाका कळतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते, तेव्हा हे गणित कागदावरचे नाही.

मग प्रत्येक पॅनेलमागे ३०० किलोचे ठोकळे ठेवावेत काय? दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो होतील. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी धरलेला भार दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास असतो. म्हणजे जवळजवळ सगळी ताकद ठोकळेच खातील, आणि स्लॅब जुना असेल तर विचारच नको. म्हणून एकतर वजन, नाहीतर भोक, किंवा दोन्ही थोडे थोडे, असा हा हिशेब आहे. तो स्थापत्य अभियंत्याने मांडायचा असतो. प्रत्यक्षात कंत्राटदाराचा माणूस ड्रिल घेऊन गच्चीवर येतो आणि जागा नजरेने ठरवतो.

पाण्याची वाट

आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चायना मोझॅक. कठड्याच्या मुळाशी गवंडी गोलाई काढतो, तिला वाटा म्हणतात. हे सगळे मिळून एक अखंड कातडे असते. ड्रिलने ते एकदा फोडले की पाणी विटांच्या थरात शिरते, स्लॅबच्या उताराने आडवे सरकते आणि जेथे स्लॅबला बारीक तडा सापडेल तेथे खाली उतरते. म्हणून डाग भोकाच्या खाली पडत नाही, चार-पाच मीटर दूर पडतो. दोष तडा गेलेल्या कोपऱ्याला दिला जातो, तेथे डांबर फासले जाते, आणि गळती चालूच राहते.

पाणी फक्त खालीच जाते, हाही गैरसमज आहे. दोन काचपट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांची कड पाण्यात धरा, पाणी वर चढताना दिसेल. पृष्ठताणाच्या सूत्राने ०.१ मिलिमीटर फटीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकते. लोखंडी तळपट्टी आणि सिमेंट यांच्यामध्ये अशी फट हमखास असते. तळपट्टी सपाट जमिनीवर बसवली, की तिच्याखाली पाणी ओढले जाते आणि तेथेच साठून राहते.

शिवाय पॅनेल स्वतःच पाण्याची दिशा बदलते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका पॅनेलवर सात हजार लिटरहून अधिक पाणी पडते. पूर्वी ते गच्चीभर पसरत असे. आता ते सारे खालच्या कडेवरून पागोळीसारखे एका रेषेत कोसळते, आणि पुढचे पाय नेमके त्याच रेषेत असतात.

उपाय जुनेच आहेत. पाय थेट कोब्यावर न बसवता काँक्रीटचा ठोकळा ओतावा. त्याच्या सळया शक्यतो तुळई किंवा खांबाच्या माथ्याशी बांधाव्यात. जलरोधक थर जमिनीवरून ठोकळ्याच्या अंगावर किमान १५ सेंटिमीटर चढवावा आणि सांध्यात वाटा काढावा. ठोकळ्याचा माथा सपाट न ठेवता बाहेर उतरता ठेवावा. पत्र्याच्या छपराचा नियम तर गावचा सुतारही सांगतो. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचे, खळग्यात नाही, आणि जे हुकाखाली डांबरी वायसर घालायचा. पाणी खळग्यातून वाहते, एवढाच त्यामागचा विचार. सोलरच्या पट्ट्या बसवताना हा नियम मोडलेला आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

लुकण आणि धातू

दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉन लुकणाला व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा असतो. लुकण सुकताना हे आम्ल बाहेर पडते. जस्ताला ते खाते, आणि सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे तेथे ते लुकण नीट धरतही नाही. बिनवासाचे, उदासीन प्रकारचे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन लुकण थोडे महाग पडते, पण काम त्याचेच आहे. आणखी एक चूक वारंवार दिसते. पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीला खालून बारीक छिद्रे असतात, ती पाणी निथळून जाण्यासाठी. 'भोक दिसले, बुजवले' या उत्साहात तीही लुकणाने भरली जातात, आणि पाणी चौकटीत अडकते.

लोखंडी सांगाड्यावर जस्ताचा थर असतो, सुमारे ८० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीइतका. लहान ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. नववी-दहावीतील क्रियाशीलता श्रेणीचा हा उत्तम दाखला आहे. पण गच्चीवर पाइप कापला किंवा नवे भोक पाडले, तर उघड्या पडलेल्या एवढ्या लोखंडाला शेजारचे जस्त पुरत नाही. तेथे त्याच दिवशी जस्तयुक्त रंग लावला पाहिजे. पाइपाचे वरचे तोंड टोपणाने बंद हवे आणि तळाशी निचऱ्याचे छिद्र हवे, नाहीतर पाय आतून पाण्याने भरतो. भूसंपर्काची तांब्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या चौकटीला थेट जोडू नये. पावसाचे पाणी मध्ये आले की त्या जागी एक घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजते.

तापमानाचाही विचार हवा. ६ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ४० अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटर लांबते, आणि खालचे काँक्रीट त्याच्या निम्म्याहूनही कमी. सांधा ताठ सिमेंटने भरला तर हा रोजचा हेलपाटा त्याला फोडतो. म्हणून लुकण लवचीक हवे.

वायरीचे तत्त्व तर चौथीतल्या मुलालाही कळेल. भिंतीत शिरण्याआधी वायर खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते आणि आत जात नाही. जोडण्या गच्चीवर लोळत ठेवू नयेत, आणि बांधायला पांढऱ्या प्लास्टिक पट्ट्या वापरू नयेत. उन्हातील अतिनील किरणांनी त्या लवकर तुटतात. काळ्या अधिक टिकतात.

आक्षेप

हे तर गवंड्याचे आणि फिटरचे काम, यात विज्ञान कोठे आहे, असे काही वाचक म्हणतील. आमचे उत्तर असे की वर पृष्ठताण, औष्णिक प्रसरण, विद्युतघट, आम्ल आणि अल्क, आणि वेगाचा वर्ग एवढे सगळे येऊन गेले. शालेय विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम एका पायाच्या मुळाशी गोळा झाला आहे. ज्याला आपण किरकोळ म्हणतो ते न शिकवल्यामुळे किरकोळ झाले आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. ठोकळे, बरे लुकण, स्टेनलेस बोल्ट यांनी खर्च वाढतो, हे खरे. पण दर मागवताना आपण फक्त 'किलोवॉटला किती' एवढेच विचारतो. त्या प्रश्नाचे स्वस्त उत्तर पायाशीच काटकसर करून मिळते. दोष एकट्या कंत्राटदाराचा नाही, प्रश्न विचारणाऱ्याचाही आहे.

म्हणून आमची सूचना एकच. संच बसवून झाल्यावर, शेवटचा हप्ता देण्याआधी, गच्चीची पन्हाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवावे आणि खालचे छत तपासावे. नव्या गच्चीला गवंडी ही परीक्षा देतो. भोके पाडलेल्या गच्चीला ती पुन्हा द्यायला लावावी, आणि तसे करारात लिहून घ्यावे.

त्या शाळेचे काय झाले ते सांगतो. आम्ही ऑक्टोबरात परत गेलो, या वेळी व्याख्यान न देता. विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या मुलांकडून प्रत्येक पायाभोवती मातीचे आळे करवले, झाडाला करतात तसे. रोज एकाच आळ्यात पाणी भरायचे आणि खाली प्रयोगशाळेत वहीत नोंद करायची. पाय बारा होते. पाचव्या आणि नवव्या दिवशी थेंब पडले, आणि ते दोन्ही पाय डागापासून दूर होते. गवंड्याने ते उकरले, तेव्हा दिसले की अँकर बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलेच नव्हते, नुसते कोब्यातील विटांच्या तुकड्यांत अडकले होते. म्हणजे त्या भोकांनी छत गळवले, आणि धरले मात्र काहीच नाही. वादळ आले असते तर काय झाले असते, हे कोणी बोलून दाखवले नाही. मग बाराही पाय उकरले. दिवाळीच्या सुट्टीत अभियंत्याच्या देखरेखीखाली ठोकळे ओतले गेले आणि पाणी ४८ तास कोंडून पाहिले. छत कोरडे राहिले. संच काढण्याचा ठराव एक वर्ष पुढे ढकलला आहे.

खरा निकाल येत्या पावसाळ्यात लागेल. शिक्षकमित्रहो, आपल्या शाळेच्या गच्चीवर पॅनेले असतील तर मे महिन्यातच एकदा मुलांना घेऊन वर जा. पॅनेलकडे पाहण्याआधी त्याच्या पायाकडे पाहा.