‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील फिर्यादी पक्ष

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली १९६७ साली रंगभूमीवर आणले, आणि सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाने लीला बेणारे ही व्यक्तिरेखा मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमची राहिली. तेव्हापासून या नाटकाचा विचार बहुधा बेणारेच्या अंगाने होत आला आहे. एकाकी स्त्री, तिच्यावर तुटून पडणारा दांभिक मध्यमवर्ग आणि अखेरचे स्वगत, या तीन बिंदूंभोवती बरीचशी चर्चा फिरते. ही दृष्टी चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. समाजाची क्रूरता दाखविण्यास चाळीतला एखादा व्हरांडाही पुरला असता. मग नाटककाराला न्यायालयच का हवे होते? या प्रश्नाचे उत्तर, आमच्या मते, सुखात्मे या वकिलाच्या व्यक्तिरेखेत, म्हणजेच नाटकातील फिर्यादी पक्षाच्या स्वरूपात शोधले पाहिजे.

प्रथम फिर्यादी पक्षाचे कायद्यातील स्थान पाहू. सत्र न्यायालयातील खटला सरकारी वकिलाने चालवावा, ही तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १९७३ च्या संहितेत ती राहिली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. या तरतुदीमुळे आरोप करणाऱ्याचा राग आणि आरोप सिद्ध करण्याचे काम यांची फारकत होते. सरकारी वकील हा शासनाचा असला तरी व्यापक अर्थाने तो न्यायालयाचाही अधिकारी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बिहार राज्य विरुद्ध रामनरेश पांडे या खटल्यात सांगितले. पुढे १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या खटल्यात, येनकेन प्रकारेण शिक्षा घडविण्याची तहान त्याला असता कामा नये, आणि आरोपीला न्याय्यपणे मिळू शकणारा लाभ त्याने दडवू नये, असेही त्या न्यायालयाने स्पष्ट केले. फिर्यादी पक्षाला आवर घालणारी बंधने मुख्यतः तीन: पुराव्याचा भार त्याच्या शिरावर असतो, समोर प्रतिपक्ष उभा असतो, आणि वर तटस्थ न्यायाधीश बसलेला असतो.

तेंडुलकरांनी ही तिन्ही बंधने एकेक करून काढून घेतली आहेत. नाट्यमंडळीच्या रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला चालावयाचा आहे. न्यायालय कधी न पाहिलेल्या सामंतांना कामकाज समजावे म्हणून दुपारी एक लुटुपुटीचा खटला मांडला जातो, आणि त्यात बेणारे आरोपी ठरते. बचावाच्या वकिलाची भूमिका प्राध्यापक दामले यांची. ते आलेले नाहीत, म्हणून सुखात्मे दोन्ही बाजू आपल्याकडे घेतात. पुढे कळते की बेणारेच्या पोटातील मुलाचे जनक हे दामलेच आहेत. ज्याने तिची बाजू मांडावयाची, तोच तिला सोडून गेला आहे. बचावाची जागा रिकामी आहे ती अशी. न्यायाधीश काशीकर तर आसन सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात. सामंतांची साक्ष हातातल्या कादंबरीवरून दिली जाते, तरी कोणास ती त्याज्य वाटत नाही. अखेर आरोपीलाच साक्षीदार म्हणून उभे केले जाते. १९५५ च्या दुरुस्तीने आरोपीस साक्ष देण्याची मुभा मिळाली होती. परंतु ती केवळ त्याच्या लेखी विनंतीवरून, आणि त्याने साक्ष न दिल्यास त्यावर कोणी भाष्य करू नये, या अटीवर. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने आधीच निषिद्ध केली होती. बेणारे गप्प राहते, तेव्हा तिच्या वयासारख्या प्रश्नांची उत्तरे सौ. काशीकर परस्पर देऊन टाकतात.

आरोपाचे कलमही लक्षात घेण्याजोगे आहे. भ्रूणहत्येसाठी येथे कलम ३०२ सांगितले जाते. वस्तुतः भारतीय दंड संहितेत ते खुनाच्या शिक्षेचे कलम होते, आणि गर्भपाताविषयीचे अपराध ३१२ पासून पुढील कलमांत होते. ही चूक नाटककाराची की पात्रांची, हा वाद निष्फळ होय. ज्यांना शब्दाचा अर्थ नको, वजन हवे, ते ३०२ च निवडणार.

यावर कोणी म्हणेल की हा तर खेळ आहे. खेळाला संहितेची मोजपट्टी कशाला? परंतु या खेळात विधी कसोशीने पाळला जातो. शपथ होते, पुकारा होतो, बचावाचे साक्षीदारही पुकारले जातात आणि एकामागून एक अनुपस्थित ठरतात. सुखात्मे बचावाच्या वतीने दयेची याचना करतात, पण त्यापूर्वीच अपराध मान्य करून टाकतात. विधी सगळा शाबूत आहे. त्यातील संयम तेवढा गेला आहे. निर्बंध सुटलेला फिर्यादी पक्ष कसा दिसतो, हे विधी इतका शाबूत असल्यावाचून दिसले नसते. म्हणूनच नाटककाराला न्यायालय हवे होते.

येथे नाटकाच्या सर्वांत अवघड स्थळाशी आपण येतो. इतर पात्रे निश्चल असताना बेणारे आपले सर्व काही बोलते. ते न्यायालय ऐकत नाही, प्रेक्षक ऐकतात. त्यामुळे फिर्यादी पक्षाने ऐकीव गोष्टी, चहाडी आणि कादंबरी यांवर रचलेला तर्क बव्हंशी खरा होता, असे प्रेक्षकांस कळते. काही जणांना ही रचनेतील उणीव वाटेल: जे फिर्यादी पक्ष सिद्ध करू शकला नाही, ते नाटककाराने त्याच्या पदरात का टाकावे? आम्हास मात्र यातच नाटकाचे बळ दिसते. बेणारे निर्दोष आहे असे दाखविले असते, तर प्रेक्षक सुखात्म्यांचा निषेध करून निश्चिंत घरी गेले असते. आरोप खरा असतानाही तो असा चालविणे अन्याय्य ठरते, हे मान्य करणे अधिक कठीण आहे, आणि तेच प्रेक्षकांकडून मागितले जाते. निरपराध्याच्या बाजूने उभे राहण्यास विधीची गरज भासत नाही. ती भासते आपल्याला जो दोषी वाटतो त्याच्यासाठी.

भ्रूणहत्येच्या आरोपावर उभा राहिलेला हा खटला भ्रूणहत्येच्याच शिक्षेने संपतो: बेणारेच्या पोटातील जीव नष्ट करावा, असा निवाडा दिला जातो. प्रतिपक्ष खऱ्या अर्थाने हजर असता, तर ही विसंगती दाखविण्यास एक प्रश्न पुरला असता. तो विचारावयास तेथे कोणी नव्हते.